विश्लेषण : तापी-गिरणेतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर चुकीचे आकडे का दाखवतो? सफाईची नोंद का महत्त्वाची?

डिजिटल डेस्क

नदीत मासे मेले की पहिला प्रश्न येतो, पाण्यात ऑक्सिजन किती होता? हा आकडा आता प्रयोगशाळेची वाट न पाहता जागेवर मिळू शकतो. त्यासाठी ‘ऑप्टिकल डीओ सेन्सर’ वापरतात. नदी, धरण, मत्स्यतळे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा अनेक ठिकाणी तो बसवता येतो. विकताना त्याची ओळख अनेकदा ‘मेंटेनन्स फ्री’ अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात गाळ, शेवाळ, क्षार आणि ४५ अंशांचे ऊन यांच्या खान्देशात हा सेन्सर वेळेवर धुतला नाही, तर तो बंद पडत नाही. तो चालूच राहतो आणि चुकीचे आकडे देत राहतो. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे जास्त धोक्याचे का, ते समजून घेऊ.

डीओ म्हणजे काय आणि किती हवा?

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. मासे, कीटक आणि घाण कुजवणारे जिवाणू हे सगळे त्यावरच जगतात. तो मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४, उघड्यावर आंघोळीसाठी किमान ५, तर फक्त निर्जंतुकीकरण करून पिण्यायोग्य होणाऱ्या स्रोतासाठी किमान ६ मिलिग्रॅम डीओ हवा.

पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. ३० अंशांना तो ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७ वर येतो. म्हणजे मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात तापलेल्या उथळ डोहात काहीही घाण नसली, तरी सुरुवातच सातच्या आसपास होते. माशांची मर्यादा ४. मधल्या तीन मिलिग्रॅममध्ये सांडपाणी, शेवाळ आणि सडणारा पालापाचोळा यांचा सगळा हिशेब बसवायचा. इतक्या अरुंद पट्टीत सेन्सर एका मिलिग्रॅमने चुकला, तरी निष्कर्ष उलटा होतो.

खान्देशात हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले गेले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. त्या यादीत तापी, गिरणा आणि पांझरा या तिन्ही नद्यांची नावे होती. २०२२ च्या अहवालात देशातील पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. या याद्या बीओडीवर, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवर आधारित असतात. बीओडी वाढला की डीओ घटतो.

तिन्ही नद्यांची दुखणी वेगवेगळी आहेत. गिरणेला मालेगावात मोसम नदी मिळते आणि तिथल्या शहराचा भार घेऊन ती पुढे जळगाव जिल्ह्यात येते. गिरणा धरणातून आवर्तन सुटले की पात्र वाहते, नाही तर उन्हाळ्यात डबकी उरतात. पांझरेचे धुळे शहरातले पात्र उन्हाळ्यात बऱ्याचदा कोरडे असते. तेव्हा जे वाहताना दिसते त्यात शहराच्या सांडपाण्याचाच वाटा मोठा असतो. तापीला चांगदेवजवळ पूर्णा मिळते. ती विदर्भाच्या काळ्या मातीचा गाळ घेऊन येते आणि तो हतनूर धरणात साचतो.

आज नद्यांच्या पाण्याचे नमुने साधारण महिन्यातून एकदा आणि तेही दिवसा घेतले जातात. डीओ मात्र दिवसभरात सारखा बदलतो. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, म्हणून दुपारी आकडा चढतो. रात्री त्याच वनस्पती ऑक्सिजन वापरतात, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत खाली जातो. मासे गुदमरतात ते पहाटे. सकाळी अकराला बाटली भरणाऱ्या कर्मचाऱ्याला ती पहाट दिसत नाही. सतत मोजणाऱ्या सेन्सरलाच ती दिसते. हेच त्याचे खरे मोल आहे.

ऑप्टिकल सेन्सर काम कसे करतो?

सेन्सरच्या टोकाला एक कॅप असते. तिच्यावर खास रंगद्रव्याचा पातळ थर असतो. आतला एलईडी या थरावर निळा प्रकाश टाकतो आणि थर क्षणभर लाल चमकतो. आजूबाजूला ऑक्सिजनचे रेणू असतील तर ही चमक लवकर विझते. जितका ऑक्सिजन जास्त, तितकी चमक अल्पायुषी. चमक विझायला लागलेला काळ मोजायचा आणि त्यावरून ऑक्सिजन काढायचा, इतके हे सोपे तत्त्व आहे.

याआधीच्या विद्युत-रासायनिक प्रोबमध्ये पातळ मेम्ब्रेन आणि आत द्रावण असे. तो मोजताना स्वतःच थोडा ऑक्सिजन खात असे, त्यामुळे पाणी वाहते ठेवावे लागे. मेम्ब्रेन फाटायचे, द्रावण बदलावे लागायचे. ऑप्टिकल सेन्सरमध्ये ही कटकट नाही. तो ऑक्सिजन खात नाही आणि साचलेल्या पाण्यातही मोजतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या पद्धतीसाठी ‘आयएसओ १७२८९’ हे स्वतंत्र मानकही काढले.

‘मेंटेनन्स फ्री’चा समज इथूनच पसरला. द्रावण भरावे लागत नाही हे खरे. पण सेन्सर मोजतो तो ऑक्सिजन नदीतला नसतो, तर कॅपला चिकटलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरातला असतो. त्या थरावर शेवाळ उगवले, तर सेन्सर शेवाळाचा ऑक्सिजन मोजतो.

मळलेला सेन्सर नेमका कसा फसवतो?

चूक एकाच दिशेने होत नाही. त्यामुळे ‘थोडे कमी-जास्त धरून चालू’ असा अंदाजही लावता येत नाही.

कॅपवर हिरवे शेवाळ असेल, तर दुपारी ते तिथेच ऑक्सिजन सोडते आणि आकडा नदीपेक्षा जास्त येतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढते आणि आकडा नदीपेक्षा कमी येतो. म्हणजे आलेखातले चढउतार नदीचे कमी आणि कॅपचे जास्त.

कॅपवर बुळबुळीत थर, म्हणजे जिवाणूंची साय असेल, तर ती सतत ऑक्सिजन खाते. आकडा कायम कमी दिसतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हे सर्रास घडते.

गाळ किंवा क्षाराचा थर बसला, तर ऑक्सिजन कॅपपर्यंत उशिरा पोहोचतो. बदल झाला तरी सेन्सर तो सावकाश आणि बोथट करून दाखवतो. रात्री तासाभरासाठी सोडलेले सांडपाणी अशा आलेखात उमटतही नाही.

आणि सर्वांत फसवा प्रकार : पाणी आटले आणि सेन्सर उघडा पडला, तर तो हवेतला ऑक्सिजन मोजतो. पडद्यावर संपृक्तता शंभर टक्क्यांच्या आसपास दिसते. नदी आदर्श, आकडे सुंदर, फक्त पात्रात पाणी नाही. पांझरा आणि गिरणेसारख्या आटणाऱ्या नद्यांत ही शक्यता पुस्तकी नाही. म्हणून डीओसोबत पाण्याची पातळी आणि तापमान पाहणे आवश्यक आहे. ‘पाण्याचे’ तापमान दुपारी ४३ अंश आणि पहाटे २६ अंश दिसत असेल, तर सेन्सर पाण्यात नाही हे ओळखावे.

सेन्सर धुवायचा कसा?

पद्धत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा. उत्पादकाची पुस्तिका शेवटचा शब्द मानावी. सर्वसाधारण नियम असे :

१. बाहेर काढण्याआधी आकडा आणि वेळ नोंदवा. शेजारी दुसरा, स्वच्छ आणि नुकताच तपासलेला हातातला मीटर धरून त्याचाही आकडा लिहा. सेन्सरचा फोटो काढा.

२. कॅप जागेवरच ठेवून धुवा. कॅप काढली आणि आतल्या भिंगावर पाणी गेले, तर नवी चूक तयार होते.

३. आधी स्वच्छ पाण्याने सैल गाळ वाहून जाऊ द्या. सुका गाळ घासला तर वाळूचे कण थरावर ओरखडे पाडतात.

४. मऊ ब्रश किंवा मऊ ओले फडके आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेत. तारेची घासणी, खरखरीत स्पंज, नखे, चाकू यांना हात लावू नका.

५. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, थिनर पूर्णपणे वर्ज्य. रंगद्रव्याचा थर यांनी खराब होतो. सॅनिटायझरही अल्कोहोलच असते, हे विसरायला नको.

६. पांढरा क्षार बसला असेल, तर अनेक उत्पादक साध्या व्हिनेगरमध्ये सुमारे १५ मिनिटे बुडवून नंतर स्वच्छ पाण्यात तेवढाच वेळ ठेवायला सांगतात. विंधन विहिरीच्या जड पाण्यावरच्या मत्स्यतळ्यांत हा प्रकार जास्त दिसतो.

७. पुन्हा त्याच पाण्यात सोडा, आकडा स्थिरावू द्या आणि लिहा. शेजारच्या मीटरचा आकडाही पुन्हा लिहा.

८. कॅप उन्हात उघडी ठेवू नका. अनेक मॉडेलमध्ये ती ओलसर ठेवावी लागते. तासन्‌तास कोरडी पडली, तर काही उत्पादक वापरण्याआधी सुमारे २४ तास पाण्यात भिजवायला सांगतात.

किती दिवसांनी धुवायचा, याचे एकच उत्तर नाही. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खाली गढूळ पाणी आणि काडीकचरा येतो, तेव्हा आठवडाही जास्त होऊ शकतो. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि ऊन तळापर्यंत पोहोचते, मग शेवाळ जोर धरते. उन्हाळ्यात शेवाळासोबत उघडे पडण्याची भीती. सुरुवातीला दर आठवड्याला धुवून आधीचा-नंतरचा फरक पाहावा. फरक नगण्य असेल तर अंतर वाढवावे, मोठा असेल तर कमी करावे. काही सेन्सरना स्वतः फिरणारा वायपर असतो, काहींभोवती शेवाळ रोखणारी तांब्याची जाळी बसवतात. त्याने फेऱ्या कमी होतात, संपत नाहीत. वायपरचा ब्रशही झिजतो आणि त्यात अडकलेली काडी कॅपवर घासत राहते.

‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ आकडा कशासाठी?

या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. समजा, धुण्याआधी सेन्सर ४.६ दाखवत होता आणि धुतल्यावर ३.७ दाखवू लागला. शेजारचा मीटर दोन्ही वेळा ३.८ वरच होता. म्हणजे नदी बदललेली नाही, मळाने ०.९ मिलिग्रॅमची चूक केली होती. धुण्याआधीच्या आकड्यानुसार पाणी माशांसाठी ठीक होते. खऱ्या आकड्यानुसार ते मर्यादेखाली होते.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची यासाठी नियमावली आहे. मळामुळे आलेली आणि कॅलिब्रेशन सरकल्यामुळे आलेली चूक वेगवेगळी काढायची. दोन्ही मिळून ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर आकडे दुरुस्त करायचे. चूक ०.३ च्या आत असेल तर नोंद ‘उत्तम’, ०.८ च्या पुढे गेली तर ‘निकृष्ट’. म्हणजे वरच्या उदाहरणातली नोंद तिथे निकृष्ट ठरली असती. सेन्सर महागडा होता की स्वस्त, याने काही फरक पडला नसता.

हे दोन आकडे लिहिले नाहीत, तर धुतल्यावर आलेखात अचानक एक पायरी दिसते. सहा महिन्यांनी कोणी तो आलेख पाहिला, तर त्याला वाटेल की त्या दिवशी नदीत कोणीतरी काहीतरी सोडले.

कॅलिब्रेशनमध्ये कुठे चूक होते?

पहिली चूक : न धुता कॅलिब्रेट करणे. मळ तसाच ठेवून यंत्राला ‘हेच शंभर टक्के’ असे शिकवले, तर मळाची चूक यंत्रात कायमची भरली जाते. आधी धुवायचे, मग कॅलिब्रेट.

दुसरी चूक : घाई. तळाशी थोडे पाणी असलेल्या भांड्यात, पाण्याला न टेकवता सेन्सर ठेवतात. आतली हवा बाष्पाने भरली की ती शंभर टक्के मानतात. कॅपवर थेंब नको आणि तापमान स्थिर हवे. भर उन्हात, तापलेल्या गाडीच्या बॉनेटवर हे होत नाही. सावली शोधा आणि दहा मिनिटे थांबा.

तिसरी चूक : हवेचा दाब. हवामानाच्या बातमीत किंवा अ‍ॅपवर दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीशी जुळवलेला असतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, धुळे त्याहून थोडे उंच. इथला प्रत्यक्ष दाब अडीच टक्क्यांच्या आसपास कमी असतो. अ‍ॅपवरचा आकडा भरला, तर प्रत्येक मोजणी तेवढ्या टक्क्यांनी फुगते. म्हणून उपकरणातला किंवा हातातल्या बॅरोमीटरचा, जागेवरचा दाब घ्यावा.

कमी डीओ असलेल्या पाण्यासाठी शून्याची तपासणीही हवी. सोडियम सल्फाइट पाण्यात विरघळवले की ते ऑक्सिजन शोषून घेते. अशा ताज्या द्रावणात सेन्सर शून्याजवळ आला पाहिजे. शंका आली तर १८८८ मध्ये विंकलर यांनी मांडलेली रासायनिक पद्धत आजही आधाराला आहेच.

कॅपचे आयुष्य मॉडेलनुसार साधारण एक ते दोन वर्षे असते. काही मॉडेलमध्ये नव्या कॅपसोबत आलेले गुणांक उपकरणात भरावे लागतात. ते न भरता कॅप बदलली, तर नव्या कॅपचे आकडे जुन्या कॅपच्या हिशेबाने निघतात.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात याचा पैशाशी काय संबंध?

अमृत योजनेतून जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत भुयारी गटारांची कामे हाती घेण्यात आली. गटार जिथे संपते तिथे प्रक्रिया केंद्र लागते, आणि जिवाणूंकडून घाण कुजवणाऱ्या केंद्रात हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर सहसा निम्मी किंवा त्याहून अधिक वीज खर्च होते. आधुनिक केंद्रांत ब्लोअरचा वेग डीओ सेन्सर ठरवतो. टाकीतला डीओ साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा असतो.

सेन्सरवर साय बसून तो २ ऐवजी १ दाखवू लागला, तर ब्लोअर विनाकारण जोरात चालतात आणि वीजबिल फुगते. कॅप जुनी होऊन किंवा कॅलिब्रेशन बिघडून तो १ ऐवजी २ दाखवू लागला, तर हवा कमी पडते आणि अर्धवट शुद्ध पाणी नदीत जाते. पहिल्या चुकीचा भुर्दंड करदात्याला, दुसरीचा खालच्या गावाला. नगरपालिकेच्या बिलात आणि नदीच्या पाण्यात दिसणाऱ्या या दोन्ही गोष्टींचे मूळ कधीकधी दोन रुपयांच्या साबणाइतके छोटे असते.

सेन्सरच्या आकड्यावर कारवाई होते का?

केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन देखरेख यंत्रणा बसवायला सांगितले, तेव्हापासून सेन्सरचे आकडे थेट मंडळापर्यंत जाऊ लागले. मात्र १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील कलम २१ नुसार पुरावा ठरतो तो विहित पद्धतीने घेतलेला, सील केलेला आणि प्रयोगशाळेत तपासलेला नमुना. म्हणजे सेन्सरचे काम घंटा वाजवण्याचे. घंटा वाजली की माणसाने जाऊन नमुना घ्यायचा.

पण मळलेला सेन्सर एक तर घंटा वाजवतच नाही किंवा रोज वाजवतो. रोज वाजणाऱ्या घंटेकडे आठवड्याभरात कोणी लक्ष देत नाही. वर, वाद झाला की ‘तुमचा सेन्सरच खराब आहे’ हे सर्वांत सोपे उत्तर ठरते. सफाईची नोंद नसेल तर त्या उत्तराला प्रत्युत्तर नसते. तक्रार करणारा मच्छीमार असो की आरोप झालेला कारखाना, खऱ्या बाजूला ती नोंदच वाचवू शकते.

मग करायला काय हवे?

तीन गोष्टी लगेच शक्य आहेत. पहिली, सेन्सर खरेदीच्या निविदेतच सफाईच्या फेऱ्या, कॅप बदलणे आणि हातातला दुसरा मीटर यांची तरतूद असावी. दुसरी, धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, दाब, तापमान आणि फोटो यांची तारखेनिशी नोंद ठेवावी. तिसरी, डीओचे आकडे लोकांसमोर मांडताना ‘शेवटची सफाई कधी’ हे त्याच पानावर लिहावे. वाचणाऱ्याला कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल.

हे खान्देशाला परके नाही. पांझरेच्या खोऱ्यातल्या जुन्या फड पद्धतीत बंधारा आणि पाट बांधून गाव मोकळे होत नसे. पाटाची आणि पाणीवाटपाची रोजची देखरेख करायला पाटकरी नेमलेले असत आणि त्यांचा मोबदला ठरलेला असे. म्हणून ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. सेन्सरच्या बाबतीत आपण बंधारा बांधून थांबलो आहोत. पुढच्या वेळी तापी, गिरणा किंवा मेहरूण तलावातल्या ऑक्सिजनचा आकडा कोणी सांगितला, तर आकड्याइतकाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा : सेन्सर शेवटचा धुतला कधी, आणि धुण्याआधी तो किती दाखवत होता?